‘पिशवी’ आणि आमची समीक्षा

‘पिशवी काढली,’ असे ऊसतोड बाई सहज सांगते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीची भूक मांडली. आमच्या समीक्षेने तीत जात वाचली, बाईचे शरीर फारसे वाचले नाही. म्हणून २०१९ साली बीडमधल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, तेव्हा वर्तमानपत्रे बोलली. आमचे समीक्षक गप्प राहिले.

चाळिशीत गाठी होतात, अंगावरून फार जाते. औषधाने भागले नाही तर शस्त्रक्रियेने सुटकाही होते. ती नाकारणे हा निव्वळ पांढरपेशा शहाणपणा. पण नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच खर्चलेली, खाडा झाला की दंड, फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईच्या अंगठ्याला ‘संमती’ म्हणायचे काय? पाळी गेल्यावर गाठी बहुधा आक्रसतात, हे तिला कोणी सांगितले? पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात, हे?

विद्रोह फक्त घोषणेत शोधणाऱ्यांना हा विषय ‘बायकांचा’ वाटतो. शस्त्रक्रियेचे पैसे मुकादमाने दिले, तर ते पुढच्या हंगामाच्या उचलीत चढतात.