अनुभव आणि अनुमान : ‘द गॉड जीन’ या ग्रंथाचे पुनर्परीक्षण

डीन हेमर या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाचा ‘द गॉड जीन’ हा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यावर मुखपृष्ठकथा छापली आणि ईश्वरश्रद्धेचे जनुक सापडल्याची वार्ता सर्वत्र पसरली. दोन दशकांनंतर या ग्रंथाकडे पुन्हा वळण्याचे कारण ग्रंथात नाही, आमच्या अभ्यासवर्गात आहे. गेल्या वर्षावासात धम्मदेसना संपल्यावर एक उपासिका मागे थांबल्या. त्यांच्या मुलाने आपण समलिंगी असल्याचे घरी सांगितले होते. त्या भन्तेजींना म्हणाल्या, “हे त्याच्या रक्तातच असेल तर मी तोंड उघडणार नाही. पण शास्त्राने तसे ठरवलेले नसेल, तर त्याला बदलायला नको का?” त्याच वर्गात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या एका वृद्ध उपासकांनी विचारले, की आपण स्वतः तो प्रकाश पाहून आलो आहोत, मग आत्मा नाही असे कसे म्हणावे?

हे दोन प्रश्न वरवर परस्परांपासून दूरचे आहेत. मात्र दोहोंतील मागणी एकच आहे. प्रयोगशाळेने निवाडा द्यावा आणि आपण तो शिरोधार्य मानावा. हेमर यांच्या लेखनाने या मागणीला जेवढे खतपाणी घातले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणी घातले असेल.

हेमर प्रथम गाजले ते १९९३ साली. समलिंगी भावांच्या ४० जोड्या तपासून त्यांपैकी ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाकडील ‘एक्स-क्यू-२८’ या भागातील खुणा समान आढळल्याचे त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९१ मध्ये, सायमन लव्हे यांनी ४१ मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून अधश्चेतकातील एक पेशीपुंज समलिंगी पुरुषांत लहान असल्याचे नोंदविले होते. या पुराव्याला मर्यादा होत्या. लव्हे यांनी तपासलेले समलिंगी पुरुष एड्सने मरण पावलेले होते. आणि समलिंगी असणे आनुवंशिक आहे असे आपण सिद्ध केलेले नाही, हे त्यांनी स्वतःच वारंवार सांगितले. हेमर यांच्या निष्कर्षाला १९९९ मधील कॅनडातील अभ्यासात पुष्टी मिळाली नाही. पुढे एका मोठ्या अभ्यासात ती काही प्रमाणात मिळाली. २०१९ साली पावणेपाच लाखांहून अधिक व्यक्तींच्या जनुकीय माहितीवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. समलिंगी वर्तनाशी संबंधित पाच स्थाने ठळकपणे आढळली, परंतु प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प होता. एकूण जनुकीय वाटा ८ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान धरला गेला, आणि कोणत्याही एका व्यक्तीच्या जनुकांवरून तिचा कल सांगता येणार नाही, असा निर्वाळा संशोधकांनी दिला.

म्हणजे त्या उपासिकांना हवे असलेले ‘रक्तातले’ एकच जनुक नाही. तरीही बदलण्याचा प्रश्न त्यातून उपस्थित होत नाही, कारण ‘जनुक नाही’ याचा अर्थ ‘निवड आहे’ असा होत नाही. गर्भावस्थेतील घटकांचाही यात हात असावा असे मानण्यास आधार आहे. मोठ्या भावांची संख्या वाढते तशी धाकट्या मुलाची समलिंगी असण्याची शक्यता काहीशी वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उलटपक्षी, कल बदलून दाखविण्याचे दावे टिकलेले नाहीत. अशा दाव्यांना आधार देणारा २००३ चा गाजलेला अभ्यास ज्यांचा, त्या रॉबर्ट स्पित्झर यांनीच २०१२ मध्ये तो मागे घेऊन क्षमा मागितली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ साली, म्हणजे जनुकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, त्या निकालात संविधानिक नीतिमत्ता ही बाबासाहेबांनी संविधानसभेत मांडलेली संकल्पना केंद्रस्थानी होती. कुणाच्या प्रतिष्ठेचा हक्क गुणसूत्राच्या टोकाला टांगावा लागत नाही, एवढे त्यावरून उघड व्हावे.

याविषयी पाली परंपरा निष्कलंक आहे असा दावा आम्ही करणार नाही. विनयात ‘पंडक’ व्यक्तीला उपसंपदा नाकारलेली आहे, आणि तो शब्द नेमका कुणाला लागू होतो यावर विद्वानांत एकमत नाही. पण त्याच विनयात शरीराचे लिंग पालटलेल्या भिक्खूला भिक्खुणीसंघात आपल्या पूर्वीच्याच उपसंपदेसह जाण्याची अनुज्ञा आहे. गृहस्थासाठी कामेसु मिच्छाचाराची जी व्याख्या सुत्तांत येते, तीत इतरांच्या संरक्षणाखालील व विवाहित स्त्रियांचा निर्देश आहे. समलिंगी संबंधाचा नाही. आजचा ‘लैंगिक कल’ ही कल्पना त्या ग्रंथांत शोधू नये, आणि आजची घृणाही त्यांच्या नावावर खपवू नये.

आता प्रस्तुत ग्रंथ. धूम्रपानविषयक संशोधनासाठी गोळा केलेल्या सुमारे हजार व्यक्तींच्या नमुन्यांवर हेमर यांनी काम केले. या व्यक्तींना मनोविकारतज्ज्ञ क्लोनिंजर यांची प्रश्नावली दिलेली होती. तीत ‘आत्मातिक्रमण’ नावाचे एक माप असून त्याचे तीन भाग आहेत : स्वतःचे भान हरपणे, विश्वाशी एकरूपता आणि गूढाचा स्वीकार. ‘व्हीमॅट-२’ नावाच्या जनुकाच्या एका रूपाशी या मापाचा संबंध हेमर यांना आढळला. हे जनुक मेंदूतील सेरोटोनिन, डोपामिन यांसारखी संदेशवाहक द्रव्ये पेशीतील पुटिकांत भरण्याचे काम करणारे प्रथिन घडविते. येथवर सर्व सुसंगत आहे. परंतु व्यक्तीव्यक्तींमधील गुणांच्या फरकाचा एक टक्कादेखील या जनुकाने उलगडत नाही. आणि हा शोध तज्ज्ञांच्या परीक्षणातून गेलेल्या शोधनिबंधाच्या रूपाने न येता थेट पुस्तकातून वाचकांपुढे आला. आपण एकमेव जनुकाचा दावा करीत नाही, आणि ईश्वर आहे वा नाही याबद्दलही काही म्हणत नाही, असे ग्रंथकार आत सांगतात. मग ते शीर्षक कशासाठी? मजकुराने नाकारलेले विधान मुखपृष्ठावर छापणे हा प्रकाशकांचा व्यवहार असेल. शास्त्रज्ञाने तो मान्य करावा हे आम्हांस खटकते.

आमचा खरा आक्षेप मात्र मोजपट्टीवर आहे. एखाद्या कामात गढून जाऊन भान हरपणाऱ्यास येथे गुण मिळतात. अतींद्रिय शक्तींवर विश्वास असणाऱ्यास आणखी मिळतात. प्रत्येक पावलागणिक स्मृती जागी ठेवणाऱ्या भिक्खूला ‘भान हरपणे’ या भागात शून्याच्या आसपास गुण पडतील, आणि सर्वत्र एकच चैतन्य भरले आहे असे न मानणारा अनात्मवादी दुसऱ्या भागात नापास होईल. या पट्टीने सारिपुत्तांना मोजले तर ते अध्यात्मशून्य ठरतील! अनत्ता म्हणजे ‘मी’ विसरणे नव्हे. ‘मी’ कसा रचला जातो हे नीट पाहणे. ग्रंथकारांनी अध्यात्म या शब्दाखाली एका विशिष्ट प्रकारची भावविभोरता मोजली आणि ती सर्व धर्मांचे सार म्हणून मांडली.

मृत्युसमीप अनुभवांच्या क्षेत्रात परिश्रम अधिक झाले आहेत. रेमंड मूडी यांच्या १९७५ च्या पुस्तकाने विषयाला नाव दिले. १९८३ मध्ये ब्रूस ग्रेसन यांनी १६ प्रश्नांचे माप तयार केले. २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी, असा काही अनुभव सांगितला. सॅम पार्निया यांच्या चमूने रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. २०१४ च्या अहवालानुसार २०६० घटनांतून एकाही रुग्णाने ते चित्र पाहिल्याचे सिद्ध झाले नाही. बहुतेक घटना फळ्या नसलेल्या खोल्यांत घडल्या हेही खरे. २०२३ मध्ये जीमो बोर्जिगिन यांनी मरणासन्न चार रुग्णांच्या मेंदूंच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी दोघांत श्वसनयंत्र काढल्यावर उच्च वारंवारतेच्या लहरी उसळल्या. त्या रुग्णांना काय जाणवले, हे सांगायला कोणी परतले नाही.

आपल्या वाचकांना सर्वांत उद्बोधक वाटावा असा अभ्यास बंगळूरच्या सतवंत पसरिचा आणि इयन स्टीव्हन्सन यांचा आहे. १९८६ साली त्यांनी भारतातील १६ प्रकरणे मांडली. पाश्चात्त्यांना बोगदा व प्रकाश दिसतो, देहाबाहेरून आपलाच देह दिसतो. येथील माणसांना यमदूत न्यायला येतात, वहीवाला वही उघडतो, चुकीचा माणूस आणल्याचे ध्यानात येते आणि त्याला परत पाठविले जाते. मृत्यूच्या दारातही प्रत्येकाला आपापल्या गावची कचेरी भेटते.

अशा अनुभवांविषयी धम्माची भूमिका काय? आमचे काही वक्ते येथे पायासिसुत्ताचा दाखला देतात. पायासी राजन्याने चोराला मडक्यात बंद करून मारले आणि जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिले. दुसऱ्याला मरणापूर्वी व नंतर तोलले, तो जड भरला. (१९०७ मध्ये मॅकडूगल यांनी अमेरिकेत असेच वजन केले तेव्हा मृत हलका भरला, २१ ग्रॅमनी!) परंतु या सुत्तात पायासी हा पूर्वपक्ष आहे आणि कुमार कस्सप त्याचे खंडन करतात. हे लपवून त्याला बुद्धमताचा साक्षीदार करणे अप्रामाणिकपणाचे आहे.

अधिक उपयुक्त आहे ते ब्रह्मजालसुत्त. त्यात वर्णिलेल्या ६२ दृष्टींपैकी कित्येक दृष्टींचे मूळ समाधीतील अनुभवात आहे. श्रमणाला अनेक जन्म आठवतात, आणि त्यावरून तो आत्मा व लोक शाश्वत आहेत असा निष्कर्ष काढतो. तथागत त्याला खोटारडा म्हणत नाहीत. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून दृष्टी कशी उभी राहते, ते दाखवतात. वृद्ध उपासकांच्या प्रश्नाला हेच उत्तर लागू पडते : आपण पाहिलेला प्रकाश खरा, त्याला आत्मा हे नाव नंतर दिले गेले. महावेदल्लसुत्तात सारिपुत्त मृत आणि निरोधसमापत्तीतील भिक्खू यांत भेद करतात, तो आयुष्य, उष्णता आणि इंद्रिये यांच्या आधारे. उष्णता शिल्लक असलेला देह त्या विवेचनात मृत नाही. ज्यांना डॉक्टरांनी परत आणले, ते सारिपुत्तांच्या कसोटीने गेलेच नव्हते.

हेमर यांच्या ग्रंथातील जुळ्यांवरील अभ्यासांची आणि संदेशवाहक द्रव्यांची प्रकरणे सुबोध आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ती अवश्य वाचावीत. शेवटच्या प्रकरणांत ग्रंथकार पुराव्याच्या फार पुढे गेले आहेत. त्या उपासिका पुढील पौर्णिमेला मुलासह विहारात आल्या होत्या. जनुकाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही.