नावाला समानार्थी शब्द नसतो

अडखळत बोलणाऱ्या माणसावरचा सिनेमा म्हटलं की 'द किंग्ज स्पीच' (2010) आठवतो. त्याला चार ऑस्कर मिळाले. त्यातलं पटकथेचं मिळवणारे डेव्हिड साइडलर लहानपणी स्वतः अडखळायचे, म्हणून त्यातला घशात अडकलेला आवाज खोटा वाटत नाही. मीही अडखळतो. सिनेमा मला आवडतो, पण माझी रोजची अडचण त्यात जवळजवळ नाही.

शेवटचं भाषण 3 सप्टेंबर 1939चं. सहाव्या जॉर्जसमोर लिहिलेला कागद आहे, लायोनेल लोग हातवारे करतोय, अख्खं साम्राज्य कान देऊन थांबलंय. बोलतोय कोण, हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. ही चैन तुमच्या-माझ्या वाट्याला येत नाही. कॉलेजचा पहिला दिवस असो, व्हायवा असो की झूमवरचा इंटरव्ह्यू, सुरुवात नाव सांगूनच होते. एकदा मी पहिल्याच अक्षरावर अडकलो, तर समोरचे हसून म्हणाले, "नाव विसरलात की काय?" नाव तोंडात तयार होतं. ओठ मिटले होते आणि आवाज सुटत नव्हता.

ही कोंडी समजून घ्यायला डेव्हिड मिचेलची 'ब्लॅक स्वान ग्रीन' (2006) ही कादंबरी जास्त उपयोगी पडते. मिचेल स्वतः अडखळतो. 1982 सालच्या इंग्लंडमधल्या एका खेड्यातला तेरा वर्षांचा जेसन आपल्या अडखळण्याला 'हँगमन' म्हणतो, म्हणजे फाशी देणारा. बोलता बोलता तो पुढचा धोक्याचा शब्द हेरतो आणि त्याजागी दुसरा घालतो. आपणही हेच करतो. 'पुस्तक' अडणार असं वाटलं की 'बुक' म्हणून सुटतो. नावाच्या बाबतीत ही पळवाट बंद असते. त्यात मराठी माणसाला स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, अशा तीन चौक्या ओलांडायच्या असतात.

गंमत म्हणजे दोन्हीकडे टोपणनाव आहे. जेसन कविता दुसऱ्याच नावाने छापतो. राजाची बायको लोगकडे 'जॉन्सन' म्हणून जाते. पण लपवत राहण्याने माणूस किती दमतो, हे मिचेल पानोपानी दाखवतो. सिनेमाला मात्र विजय हवा असतो, आणि विजय म्हणजे न अडखळता बोलणं.

तरी त्यात एक जागा आहे. भाषणानंतर लोग म्हणतो, अजून एका अक्षरावर अडखळलात. राजा थट्टेत उत्तरतो की थोडं अडखळायलाच हवं होतं, नाहीतर तो मीच आहे हे लोकांना कळलं नसतं. अडखळणं हीच ओळख! हल्ली मी आधीच सांगून टाकतो, "मी अडखळतो, नावाला जरा वेळ लागेल." मग लपवायला काही उरत नाही. नाव तरीही अडकतं, पण समोरचा थांबतो.