एका मोटारीच्या दोन आवृत्त्या : कुर्ल्याच्या फियाटच्या संदर्भात

मोटारीच्या रूपाचे श्रेय वा दोष केवळ आरेखनकाराच्या पदरी टाकणे अपुरे ठरते. जग्वार ई-टाइप या ब्रिटिश कूपेच्या युरोपीय आवृत्तीत तीन कार्ब्युरेटर होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन आवृत्तीत धूरनियंत्रणाच्या नियमांमुळे दोनच उरले व शक्ती घटली. तेथील सुरक्षा-नियमांमुळे दिव्यांवरील काचेची आवरणेही गेली. म्हणजे हा फरक कायद्याने घडविला.

मुंबई उपनगरातील कुर्ला येथे तो धोरणाने घडविला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तेथे प्रथम क्रायस्लर समूहाच्या अमेरिकन मोटारी जुळविल्या व पुढे इटालियन फियाटकडे मोर्चा वळविला. इटलीतील ११०० डी चे इंजिन १२२१ घनसेंटिमीटरचे, तर भारतीय आवृत्तीचे १०८९ चे होते. तथापि खरा भेद इंजिनाचा नसून काळाचा आहे. इटलीत १९६६ मध्ये थांबलेले हे प्रारूप येथे ‘पद्मिनी’ या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत निघत राहिले. आयातबंदी व परवानापद्धती यांमुळे ग्राहकास फारसा पर्याय नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा तिच्या टिकाऊपणाचा गौरव झाला. साधी रचना व गल्लोगल्ली होणारी दुरुस्ती यांमुळे तो रास्तही होता. परंतु मोटार टिकणे आणि तिचा विकास थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे श्रेय चालक व कारागिरांचे, दुसरीचे उत्तरदायित्व धोरणाचे. हा विवेक सुटला, तर स्मरणरंजनालाच इतिहास मानले जाईल.