संसदेचा अभ्यास आणि तळ्याचे पाणी

मी हाटकेशला राहतो. उद्योगनगरातले गाळे बंद झाले की चार-सहा कामगार पोरे वाचायला माझ्याकडे येऊन बसतात. त्यांतल्या एकाने परवा विचारले, "सर, संसदेने कायदा केलाय ना? मग माणसं गटारात का मरतात?" प्रश्न साधा होता. पण संसदेचा अभ्यास म्हणून आपण ज्याला मान देतो, त्याची परीक्षाच या प्रश्नाने घेतली.

ब्रिटनमध्ये १९६४ साली 'स्टडी ऑफ पार्लमेंट ग्रुप' स्थापन झाला. बर्नार्ड क्रिक, मायकल राईल यांच्यासारखी मंडळी त्यात होती. विद्यापीठातले प्राध्यापक आणि संसदेचे अधिकारी एकत्र बसले, सभागृहाचे कामकाज कसे चालते ते त्यांनी तपासले आणि विषयवार समित्यांचा आग्रह धरला. पुढे १९७९ साली तिथे खातेनिहाय समित्या आल्या; आपल्याकडे १९९३ साली आल्या. हे काम मी कमी लेखत नाही. परंतु या अभ्यासाची चौकट सभागृहाच्या दारापाशी संपते. कायदा ज्याच्या अंगावर येतो किंवा ज्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, तो माणूस या अभ्यासकांच्या बैठकीत कोठे असतो?

आपल्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर आहे. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड म्युनिसिपालिटीने चवदार तळे कागदोपत्री खुले केले. केवळ कामकाज पाहणाऱ्या अभ्यासकाच्या लेखी प्रकरण येथे संपले. पण तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ ची वाट पाहावी लागली, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

त्याच १९२७ साली बाबासाहेब कौन्सिलात गेले. नियमावलीची त्यांनी कधी टर उडवली नाही. ती त्यांनी हत्यारासारखी परजली. १९२८ साली महार वतनाचे बिल आणले, ते मागे घ्यावे लागले. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या पश्चात. ही तीस वर्षे संसदेच्या कोणत्या शाखेत शिकवली जातात?

म्हणूनच जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केले, ही घटना मला फार मोलाची वाटते. आपल्या माणसाने सभागृहात नुसते बसू नये, तेथील कामकाज त्याला कळावे, ही त्यामागची दृष्टी होती. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच ते बंद पडले. आज आमच्याच मीरा-भाईंदरमध्ये, उत्तनला, १९८२ साली स्थापन झालेल्या रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचे संकुल आहे. तेथे लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण मिळते. त्या संस्थेची विचारसरणी आमची नव्हे. पण तिचे सातत्य पाहून आपण स्वतःला विचारले पाहिजे, बाबासाहेबांची शाळा आपण का चालवली नाही? पुतळे उभारायला आपल्याला सवड मिळाली, वर्ग भरवायला मिळाली नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली पहिला कायदा झाला, २०१३ साली दुसरा. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. मोबदला वाढला, म्हणजे मरणे थांबले नव्हते. २०१३ च्या कायद्यातील सातवे कलम गटाराच्या धोकादायक सफाईस माणूस लावण्यास मनाई करते. अकरावे कलम सर्वेक्षणाची जबाबदारी नगरसंस्थांवर टाकते. १९२४ साली तळ्याची किल्ली नगरसंस्थेकडे होती. आजही किल्ली तिच्याकडेच आहे.

माझे म्हणणे इतकेच की संसदेचा अभ्यास चर्चेच्या इतिवृत्तापासून सुरू करावा आणि वॉर्ड ऑफिसच्या टेबलापर्यंत न्यावा. मधली एकही पायरी सोडू नये. त्या पोरांना मी कायद्याची प्रत दिली आहे. पुढच्या रविवारी आम्ही सातवे आणि अकरावे कलम मोठ्याने वाचणार आहोत. त्यानंतर सर्वेक्षणाचा कागद मागायला अर्ज लिहायचा आहे. अर्ज तीच पोरे लिहितील.