क्रमभंग आणि वाचन : ‘अर्थसी’च्या निमित्ताने

जुन्या पुस्तकांच्या दुकानाला लेखकाने ठरविलेला क्रम ठाऊक नसतो. मालिकेतील जो खंड आधीच्या मालकाने टाकून दिला, तोच नव्या वाचकाचा पहिला खंड ठरतो. अशा क्रमभंगाकडे सामान्यतः अपघात म्हणून पाहिले जाते. संहितेत दडलेली एखादी शक्यता मात्र कधीकधी त्यामुळेच प्रकट होते. अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ ही अद्‌भुतकादंबऱ्यांची मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) हाती न लागता ‘द टूम्स ऑफ आटुआन’ (१९७१) प्रथम वाचणाऱ्याची स्थिती पाहावी. या कादंबरीची नायिका टेनार ही स्वतःचे नाव हिरावून घेतलेली, भूमिगत अंधाराची पुजारीण आहे. कथा बरीच पुढे गेल्यावर, जेथे प्रकाश निषिद्ध आहे तेथे तिला एक उजेड आणि एक परका पुरुष दिसतो. क्रमाने वाचणाऱ्यास तो परका नसतोच. तो गेड आहे, अंगठीचा अर्धा तुकडा त्याला कोठे मिळाला, हे सारे त्याला ठाऊक असते. परिणामी तो टेनारच्या बाजूला उभा न राहता गेडच्या सुटकेची वाट पाहत बसतो. शिवाय अर्थसीत खरे नाव जाणणे म्हणजे सत्ता असणे. ते केवळ विश्वासातील माणसालाच सांगावयाचे. पहिल्या खंडाचा वाचक हे नाव निवेदकाकडून फुकट मिळवितो. क्रम चुकलेल्या वाचकाला मात्र ते टेनारबरोबर, तिने विश्वास टाकल्यानंतरच मिळते (वेष्टनावरील मजकुराने घात केला नसेल तर!). नामाविषयीचा मालिकेचा मूलभूत नियम येथे वाचनक्रियेलाच लागू होतो.

‘तेहानू’ (१९९०) आधी वाचल्यास मात्र हानी गंभीर आहे. जादू गमावून बसलेला गेड प्रथम भेटल्यावर, ती त्याने कशापायी खर्च केली हे सांगणाऱ्या ‘द फारदेस्ट शोअर’मधील (१९७२) उत्कंठा उरत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, पुरुषांच्या विद्यापीठातील जादूच्या प्रतिष्ठेवर ‘तेहानू’ जे प्रश्नचिन्ह उभे करते, त्याची धार ती प्रतिष्ठा आधी मनोमन मान्य केलेल्यालाच लागते. उलट, ‘तेहानू’नंतर पहिल्या खंडाकडे वळणाऱ्याला स्त्रियांची जादू हिणकस ठरविणारी तेथील लोकोक्ती निरागसपणे वाचता येत नाही. ही दृष्टी लेखिकेला स्वतःला दोन दशकांनंतर गवसली; वाचकाला ती आयती लाभते. आयत्या दृष्टीचे मोल किती, हा प्रश्न उरतोच.

क्रमाचा अधिकार तरी कितपत अभंग आहे? पहिला खंड आरंभीच गेडच्या भावी थोरवीची वार्ता देऊन टाकतो. आणि ‘तेहानू’च्या १९९०च्या प्रतीवर ‘अर्थसीचे अखेरचे पुस्तक’ असे छापलेले आहे. ती जुनी प्रत हाती आलेला वाचक मालिका संपली असे समजून थांबेल. २००१ साली ले ग्विन यांनी तीत आणखी दोन पुस्तकांची भर घातली.