‘डॉक्टर हू’ची फाळणी आणि आमचे पानिपत

डेराबस्सीतील आमच्या ओळखीची दोन-तीन मराठी घरे आणि काही पंजाबी शेजारी मिळून आमचे एक लहानसे मंडळ आहे. रविवारी सायंकाळी एकत्र जमावे, ‘डॉक्टर हू’ या इंग्रजी विज्ञानमालिकेचा एखादा भाग पाहावा आणि नंतर चहा निवेपर्यंत त्यावर भांडावे, एवढाच त्याचा उद्योग. आठवडाभर चंदीगडच्या कचेरीत नस्त्यांवर ‘अवलोकनार्थ सादर’ असे लिहिणाऱ्या आमच्यासारख्या केंद्रीय कारकुनाला स्वतःचे मत देण्याची मुभा बहुधा येथेच मिळते. गेल्या ऑगस्टात मंडळाने ‘डेमन्स ऑफ द पंजाब’ हा भाग पाहिला. तो प्रथम ११ नोव्हेंबर २०१८ रोजी दाखविला गेला. म्हणजे नवा नव्हे. परंतु जो वाद त्या सायंकाळी झाला, तो अजून आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बी.बी.सी.ने ती सुरू केली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे जन्माने लखनौचे. नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा एक विक्षिप्त जीव. बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्याएवढ्या आणि आतून वाड्याएवढ्या यंत्रात बसून तो काळातून भटकतो, आणि मरणाची वेळ आली की नवे शरीर धारण करतो. २०१७ साली ते शरीर प्रथमच स्त्रीचे झाले. एकूण प्रकार पोरकट म्हणावा असा, आणि तसा तो अनेकदा असतोही.

हा भाग मात्र पोरकट नाही. डॉक्टरची सोबतीण यास्मिन ही शेफील्डमध्ये राहणारी मुलगी. तिची वृद्ध आजी उम्ब्रीन तिला एक बंद पडलेले घड्याळ देते, पण त्याची हकीकत सांगत नाही. ती जाणून घेण्याच्या हट्टाने यास्मिन ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते, तेव्हा तिच्या आजीचे लग्न प्रेम नावाच्या एका हिंदू तरुणाशी व्हायचे आहे. हा प्रेम यास्मिनचा आजोबा नव्हे. अर्थात त्याचे पुढे काय होणार हे प्रेक्षकाला तेथेच कळून चुकते. लग्न लावणारा साधू मारला जातो, आणि त्याच्या प्रेतापाशी दोन अक्राळविक्राळ परग्रहवासी दिसतात. हे थिजारियन एकेकाळचे मारेकरी. ते दूर असताना त्यांचा ग्रह नष्ट झाला आणि त्यांच्या माणसांसाठी शोक करायला कोणी उरले नाही. तेव्हापासून एकाकी मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणी हजर राहून त्यांचे स्मरण ठेवण्याचे व्रत त्यांनी घेतले आहे. साधूला मारले आहे ते प्रेमच्या सख्ख्या धाकट्या भावाने, मनीषने.

बँकेतील आमच्या एका स्नेह्यांचा आक्षेप असा की, ही भुते काढून टाकली तरी कथा जशीच्या तशी उभी राहते. मग फाळणीसारख्या विषयात त्यांची लुडबूड कशाला? आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु आम्हांला वाटते, लेखक विनय पटेल यांची सारी करामत त्या भुतांतच आहे. पन्नासाहून अधिक वर्षे या मालिकेने प्रेक्षकाला एक सवय लावली आहे: चेहरा माणसाचा नसला की गुन्हेगार तोच. त्या सवयीने आपण अर्धा भाग परक्यांवर संशय घेत बसतो, आणि खुनी घरातल्या घरात वावरत असतो. तोंडावळा परका दिसला की दोष त्याच्या माथी मारावा, ही चूक लेखक आपल्याकडून करवून घेतो. १९४७ साली माणसांनी केलेली चूक हीच नव्हे काय? भुते काढा, म्हणजे प्रेक्षक निर्दोष राहून दुसऱ्यांच्या दोषांवर हळहळत बसेल.

दुसरा वाद अधिक तापला. अभियांत्रिकी शिकणारी शेजारची मुलगी संतापून म्हणाली, “काळाचे यंत्र दाराशी उभे असताना ही बाई प्रेमला वाचवीत का नाही?” उत्तर कथेतच आहे: प्रेम वाचला तर यास्मिन जन्मासच येणार नाही. सीमा आखणाऱ्या दोरीनेच वधूवरांचे हात बांधून डॉक्टर त्यांचे लग्न लावते, आणि पुढे गोळी सुटते तेव्हा ती आणि तिचे सोबती पाठ फिरवून चालत असतात. आपल्याला केवळ आवाज ऐकू येतो.

मराठी वाचकाला येथे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवल्यावाचून राहणार नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात की, जेथे १७६१ साली मराठ्यांचा जय झालेला आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बसून ते कारण शोधतात, तर ते एवढेच: विश्वासरावांना लागायची ती गोळी तेथे चाटून गेली. दोन्हीकडे प्रश्न एका गोळीचाच. नारळीकर ती चुकवितात, पटेल चुकवू देत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात निवर्तलेल्या नारळीकरांचे आम्ही विद्यार्थिदशेपासूनचे भक्त. तरीही कबूल केले पाहिजे की, त्या कथेतील आनंद बुद्धीचा आहे. विश्वासराव तेथे युद्धाचे पारडे फिरविणारे निमित्त होतात, कोणाचा मुलगा होत नाहीत. आम्ही राहतो तेथून पानिपत अंबाल्यावरून मोटारीने दोन-अडीच तासांवर. तेथे एकदा उभे राहिल्यावर ती कथा आम्हांला थोडी कोरडी वाटू लागली, हे खरे.

पटेलांच्या भागातही दोष आहेत. मनीषचे मन फिरले ते रेडिओ आणि पत्रके यांमुळे, असे दोन-चार वाक्यांत उरकले आहे. भावाने भावाला मारेकऱ्यांच्या हाती द्यावे, याला एवढे कारण पुरत नाही. चित्रण स्पेनमधील ग्रानादाकडे झाले असल्याने पंजाबात डोंगर दिसतात. आमच्या घरमालकांच्या वृद्ध मातोश्री, सारे ज्यांना बीजी म्हणतात, त्या डोंगर पाहून मोठ्याने हसल्या.

बीजी लायलपूरकडच्या. फाळणीच्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नाही. त्यांची नात कानाशी लागून अर्थ सांगत होती. भाग संपल्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने थिजारियनांच्या व्रताची थोरवी वर्णू लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “ओत्थे कल्ला कोई नहीं सी मरया, पुत्तर.” तेथे एकटे कोणीच मेले नाही; गावेच्या गावे मेली. आणि पाहणारेही पुष्कळ होते. शेजारी गच्चीवर चढून पाहत होते, त्यांतल्या काहींची नावे त्यांना अजून आठवतात.

आमचे सारे विवेचन या दोन वाक्यांपुढे लटपटले. या भागाने फाळणीला एका माणसाच्या मरणाएवढे केले म्हणून ती आपल्या पोटात शिरते. पण त्यासाठी त्याला शेजारी वगळावे लागले. मारेकऱ्यांखेरीज कोणी बघ्या त्यात नाही. पाहण्याचे काम आकाशातून आलेल्यांकडे सोपवले, आणि ते पाहणे पवित्र ठरले. गच्चीवरचे पाहणे पटेलांच्या लेखणीने टाळले आहे, हा आमच्या मते या भागाचा खरा उणेपणा. डोंगर क्षम्य आहेत.

तरीही जाताना बीजींनी लग्नाचा प्रसंग पुन्हा लावावयास सांगितला आणि आवाज बंद करून तो दोनदा पाहिला.

पुढील रविवारी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हिंदीत सांगावी असे ठरले, आणि ते काम अर्थातच आमच्याकडे आले. कथेचा गोषवारा ऐकून बीजींनी एवढेच विचारले, “त्यात तरी तो मुलगा वाचतो का?” वाचतो, असे आम्ही सांगितले.