प्रतिकृती आणि बॅकअप : गिटलॅबच्या दुर्घटना-अहवालाची चिकित्सा

प्रस्तावना :
डेटाबेसची प्रतिकृती दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली की माहिती सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र आढळतो. हा समज किती भ्रामक आहे, हे ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सोर्स कोड साठविणाऱ्या संकेतस्थळावर घडलेल्या दुर्घटनेने दाखवून दिले. संस्थेने १० फेब्रुवारी २०१७ रोजी तिचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखात त्या अहवालाची चिकित्सा करावयाची आहे.

घटनेचे स्वरूप :
गिटलॅबचा पोस्टग्रेस डेटाबेस एका मुख्य व एका दुय्यम सर्व्हरवर होता. त्या दिवशी वाढलेल्या भारामुळे दुय्यम सर्व्हर मागे पडला. त्याला आवश्यक असलेल्या बदलांच्या नोंदी मुख्य सर्व्हरवरून तोवर काढल्या गेल्या होत्या आणि त्या अन्यत्र जतन करण्याची व्यवस्था नव्हती. साहजिकच दुय्यम सर्व्हर रिकामा करून तेथे नव्याने प्रत घेण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम अडले असता एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक क्षणार्धात लक्षात आली. परंतु सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट माहिती उरली होती.

विवेचन :
प्रतिकृती ही चालू यंत्रणेचाच भाग असते. मुख्य सर्व्हर बंद पडल्यास ती उपयोगी पडते. परंतु चुकीने पुसलेली नोंद तिच्यातूनही पुसली जाते आणि दुरुस्तीच्या काळात ती अस्तित्वातच नसते. गिटलॅबच्या बाबतीत ही दुसरी शक्यता प्रत्यक्षात आली. अशा वेळी खरी भिस्त बॅकअपवर असते. तथापि, रोजचा बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचे, तर डेटाबेस ९.६ आवृत्तीचा असल्याने बॅकअप होतच नव्हता. अपयशाची सूचना देणारे ईमेलही प्रमाणित नसल्यामुळे नाकारले जात होते. डिस्कच्या स्नॅपशॉटची सोय डेटाबेस सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. कारण अन्य उपाय पुरेसे आहेत, असे गृहीत धरले होते.

अखेर सुमारे सहा तासांपूर्वी, अन्य चाचणीसाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. सेवा पूर्ववत होण्यास मात्र अठरा तासांच्या आसपास वेळ लागला, कारण त्या प्रतीची डिस्क संथ होती. कोडची भांडारे बचावली. सुमारे ५,००० प्रकल्पांच्या व तितक्याच अभिप्रायांच्या नोंदी आणि ७०० नव्या सदस्यांची खाती यांना फटका बसला. नियमित स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच होत असे. म्हणजेच हानी सहा तासांवर थांबली, ती योजनेमुळे नव्हे, योगायोगामुळे.

अहवालाचे मूल्यमापन :
अहवालाचा मोठा गुण असा की, तो दोष एका व्यक्तीवर ढकलत नाही. ‘का?’ हा प्रश्न पुनःपुन्हा विचारत तो मुळाशी जाऊ पाहतो आणि बॅकअपच्या चाचणीची जबाबदारी कोणाकडेच नव्हती, ही कबुली देतो. स्वतःचे अपयश इतक्या तपशिलाने जगासमोर मांडणे धैर्याचे आहे. परंतु त्याची मर्यादाही येथेच दिसते. जबाबदार व्यक्ती का नेमली गेली नाही, हा पुढचा प्रश्न तो विचारीत नाही. एक जबाबदार व्यक्ती नेमण्याचा उपाय तो सुचवितो. पण किती तासांची माहिती गमावणे संस्थेस परवडेल आणि सेवा किती वेळात पूर्ववत व्हावी, हे ठरविणे व्यवस्थापनाचे काम आहे. हे निर्णय आधी झाले असते, तर दिवसातून एकदाच होणारा बॅकअप अपुरा असल्याचे तेव्हाच ध्यानात आले असते.

निष्कर्ष :
बॅकअप घेतला जातो की नाही, एवढेच तपासणे पुरेसे नाही. त्यातून वेगळ्या सर्व्हरवर डेटाबेस ठरावीक काळाने प्रत्यक्ष उभा करून पाहणे, लागलेला वेळ नोंदविणे आणि बदलांच्या नोंदी स्वतंत्र ठिकाणी जतन करणे आवश्यक आहे. अभियंत्याच्या हातून चूक होणार, हे गृहीत धरूनच आपत्ती-निवारणाची योजना आखली पाहिजे. गिटलॅबचा अहवाल हे उदाहरणासह पटवून देतो, म्हणून डेटाबेसच्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासणे उपयुक्त ठरेल.